जोडीदार कशी आहे?

ताईला ताई म्हणायचं कारण एवढंच, की ती लंबूपेक्षा पाच महिन्यांनी मोठी होती. पाच महिन्यांत माणूस असं काय मोठं होतं? फार तर बसायला लागतं, एखादा दात येतो. पण लंबू, म्हणजे काकाची मुलगी, घरी राहायला आली आणि ताईच्या आईनं पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं, की ही तुझी ताई, हिला ताई म्हणायचं. झालं. एकदा ताई झाल्यावर जे जे द्यावं लागतं ते सगळं लंबूला द्यावं लागलं. खिडकीजवळचा पलंग दिला, कपाटाचे वरचे दोन कप्पे दिले, सकाळी न्हाणीघरात आधी जायचा हक्कही दिला. काका आणि धाकटी काकू कामासाठी वर्षभर दूर गेले होते, मुलीचं शिक्षण बुडू नये म्हणून तिला इथं ठेवलं होतं, हे सगळं ताईला कळत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती मनात म्हणायची. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण लंबू वाईट नव्हती. वाईट असती तर किती बरं झालं असतं. ती स्वतःचं ताट उचलायची आणि ताईचंही उचलायची. ताईच्या वडिलांचा चष्मा कुठे आहे हे घरात फक्त तिला माहीत असायचं. जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. या घरात नेमकं उलटं झालं होतं. बाब्या पाहुणा आलेला आणि कार्टं घरातलंच.

इथवर ताईनं सोसलं असतं. पण लंबू पळायची.

ताई तीन वर्षं शाळेकडून लांब पल्ल्याच्या शर्यती पळत होती. वेगाचं तिला फारसं वरदान नव्हतं, चिवटपणाचं होतं. पाच हजार मीटर म्हणजे मैदानाला साडेबारा फेऱ्या. त्यातल्या शेवटच्या तीन फेऱ्यांत बाकीच्या मुली गळायच्या आणि ताई उरायची, असा तिचा खाक्या होता. लंबू आली ती थंड हवेच्या डोंगरातल्या गावातून. तिथं म्हणे शाळेत जायलाच रोज चढ चढावा लागे. मैदानावर पहिल्याच दिवशी तिचे पाय बघून मुलींनी तिला लंबू नाव ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला पळताना बघून शिट्टी तोंडातून काढली. सरांची शिट्टी जेवतानाच तेवढी तोंडातून निघते, असा शाळेत समज होता.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

दर शनिवारी ताईची आई मैदानावर यायची. पलीकडच्या वळणावर एक पत्र्याची शेड होती, तिथं पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन उभी राहायची. तिला पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ताई जिथं असेल तिथं आईची मान वळायची. ताई पुढे असो, मधे असो, सगळ्यात मागे असो, मान तिच्याबरोबर फिरायची. लंबू आल्यावर ती मान पुढच्या मुलीबरोबर फिरायला लागली, आणि पुढे कोण असायचं हे सांगायला नको. ताईला आंतरशालेय स्पर्धेतली शाळेची जागा हवी होती हे खरं, पदक मिळालं असतं तर तिनं नको म्हटलं नसतं. पण मनातलं सांगायचं तर तिला ती मान परत हवी होती.

ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावरून नजर हटत नाही, हे ताईला त्या दिवसांत समजलं. लंबू थकली की तिचा डावा खांदा किंचित पडतो. जोर काढणार असली की अंगठा मुठीत लपवते. पाचव्या फेरीपर्यंत ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणते आणि मग थांबते. हे सरांना ठाऊक नव्हतं, खुद्द लंबूलाही नव्हतं. ताईला पाठ होतं.

आता बर्फवाल्या बाईंचं सांगायला हवं. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका शाळेतला मुलगा सराव करताना कोसळला होता आणि पुन्हा उठला नाही. त्यानंतर शाळेनं खेळाडूंच्या प्रकृतीकडे बघायला या बाई नेमल्या. त्या आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं, तर माणूस बसेल एवढा मोठा टब आणि रोज बर्फाच्या लाद्या. सर म्हणाले, इथं खेळाडू घडवायचे आहेत की मासळी टिकवायची आहे? बाई हसल्या आणि म्हणाल्या, दोन्हीला एकच नियम, उशीर झाला की संपलं. तेव्हापासून त्यांचं नाव बर्फवाल्या बाई पडलं.

त्यांनी मैदानाच्या मधोमध तिपाईवर एक काळ्या गोळ्याचं यंत्र लावलं. नुसतं ऊन किती एवढंच ते बघायचं नाही. हवेतला दमटपणा आणि वारा धरून अंगाला किती झेपेल ते सांगायचं. त्याप्रमाणे शेडवर झेंडा लागायचा. हिरवा असला तर पळा, पिवळा असला तर थांबत थांबत पळा, लाल असला तर घरी जा. नव्या मुलांनी पहिले पंधरा दिवस पिवळं जाकीट घालून निम्माच सराव करायचा, कारण उन्हाची सवय अंगाला हळूहळूच लागते. लंबूनंही ते घातलं. निम्म्या सरावातही ती ताईच्या पुढे असायची, हा भाग वेगळा.

आणि बाईंचा सगळ्यात विचित्र नियम जोडीचा होता. सरावाआधी प्रत्येकीनं टबाजवळच्या पांढऱ्या रेषेवर यायचं, पण स्वतःबद्दल काही बोलायचं नाही. बाई विचारणार, "जोडीदार कशी आहे?" आणि जोडीदाराच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचं. बाईंचं म्हणणं असं, की खेळाडूइतका खोटारडा रोगी जगात नाही. पाय मोडला तरी म्हणेल, डास चावला. तेव्हा त्याला विचारण्यात अर्थ नाही, शेजाऱ्याला विचारावं. ताप, उलटी, बिघडलेलं पोट, न झालेली झोप, काहीही असलं तरी जोडीदारानं सांगायचं. मग ती मुलगी त्या दिवशी बाकावर बसणार आणि तिच्या घरी फोन जाणार. एका घरात राहणाऱ्यांना एकमेकींचं सगळं ठाऊक असतं, म्हणून ताई आणि लंबू यांची जोडी बाईंनीच लावली होती. बाई हुशार होत्या. पण घर म्हणजे काय असतं याचा हिशेब त्यांनी जरा भाबडेपणानं केला.

निवडीची शर्यत शनिवारी सकाळी होती. जागा एकच होती. लंबूचे पंधरा दिवस आदल्याच दिवशी संपले होते, जाकीट धुऊन परत दिलं होतं. आदल्या संध्याकाळी तिचं पोट बिघडलं. ती तीन-चारदा उठून गेली, ते ताईनं ऐकलं. सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडलेला होता आणि नळाच्या आवाजाखाली ओकारीचा आवाज होता. ताई दारातच उभी राहिली. लंबू बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, सांगू नकोस ना," ती म्हणाली. "आता काही नाही राहिलं पोटात. बरं वाटतंय मला. तुला माझी शपथ."

 ताई आरशासमोर केस बांधायला लागली आणि तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. सांगितलं, तर लंबू बाकावर बसणार आणि जागा ताईला मिळणार. मग सगळी शाळा म्हणणार, बघा, एवढ्याशा पोटदुखीवरून चुलतबहिणीला बसवलं, जळकी कुठली. आईही तोंडानं नाही तरी मनात म्हणणार. नाही सांगितलं, तर लंबू पळणार. इकडे आड, तिकडे विहीर. शपथ घातली आहे, आणि शपथ मोडणं काही बरं नव्हे, असं ताईनं स्वतःला बजावलं. फार सोज्ज्वळ विचार होता. त्याच्या खाली दुसरा एक विचार दडून बसला होता, तो असा, की रिकाम्या पोटी साडेबारा फेऱ्या लंबूला आज झेपणार नाहीत. आज ती सगळ्यांसमोर हरेल. आणि आई बघत असेल.

स्वयंपाकघरात आईनं दोघींसमोर दूध आणि केळी ठेवली. लंबू केळं हातात धरून बसली. आईनं ताईला हळूच विचारलं, "ही अशी का दिसते गं? रात्री झोपली ना नीट?"

"झोपली की," ताई म्हणाली. "घाबरलीय जरा."

मैदानावर पिवळा झेंडा लागला होता. सकाळ असूनही हवा जागची हलत नव्हती आणि अंगाला चिकटत होती. बाईंनी सरांना सांगून पाहिलं, की आज नको, दोन दिवस थांबू. सर म्हणाले, नाव कळवायचा आज शेवटचा दिवस, वर्षभर पोरींनी घाम गाळलाय तो काय यंत्रात घालू? शेवटी ठरलं, की पळायचं, पण दर वळणावर ओले स्पंज ठेवायचे आणि जरा शंका आली की मुलीला बाहेर काढायचं. टबात पाणी भरून झालं, लाद्या फोडून आत पडल्या. मुली रेषेवर आल्या.

"जोडीदार कशी आहे?" बाईंनी ताईला विचारलं.

नियमाप्रमाणे ताईनं लंबूच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. तिनं लंबूच्या बुटांकडे पाहिलं. नाडी दुहेरी गाठीची होती.

"ठीक आहे," ती म्हणाली.

 बाई पुढच्या जोडीकडे वळल्या.

शिट्टी वाजली. सहा मुली निघाल्या. पहिल्या फेरीतच लंबू पुढे गेली, ताई तिच्या मागे लागली, आणि बाकीच्यांत सगळ्यात शेवटी मुंगी होती. मुंगी म्हणजे ठेंगणीठुसकी, खाली मान घालून चालणारी मुलगी. तिला शर्यतीत कुणी मोजतच नसे, पण तिनं शर्यत अर्धवट सोडल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडखाली आई उभी होती. लंबू वळणावर आली की आईची मान वळायला लागायची, लंबू गेली की ती मान पुढे जायची. मागून येणाऱ्या ताईच्या वाट्याला आईची पाठमोरी वेणी यायची. सहा फेऱ्या ताईनं त्या वेणीला शिव्या घालत काढल्या.

सातव्या फेरीत लंबूनं स्पंज उचललाच नाही. आठव्या फेरीत तिनं उचलला आणि हातात धरून पळत राहिली, डोक्यावर पिळायचं विसरली. ताईनं तिच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. खांदा पडलेला नव्हता. थकली असती तर खांदा पडला असता. हे काही वेगळंच होतं. मान डुलत होती, पावलं सपाट पडत होती, आणि ती पुन्हा गुणगुणत होती. पाचव्या फेरीनंतर लंबू कधी गुणगुणत नसे. हे जगात एकट्या ताईला माहीत होतं आणि ती गप्प राहून मागून पळत राहिली.

नवव्या फेरीत ताईनं तिला गाठलं. ताई शेजारून पुढे जात असताना लंबूनं तिच्याकडे पाहिलं. नजर ताईवर होती, पण ताई तिला दिसत नव्हती.

"ताई, दिवा लाव ना," लंबू म्हणाली.

डोक्यावर लखलखीत ऊन होतं.

ताईनं ऐकलं. ऐकून ती पुढे गेली. खरं आहे ते असं आहे. ती पुढे गेली आणि समोर मोकळी वाट दिसली तेव्हा तिच्या अंगात असा आनंद शिरला, की पाय हलके झाले. वळण आलं. शेडखाली आई उभी होती आणि आईची मान वळली. ती ताईबरोबर वळली. कितीतरी दिवसांनी आई तिच्याकडे बघत होती, हसून बघत होती, आणि हातानं खूण करत होती, की शाब्बास, चल, चल.

त्या हसण्यापाशीच ताईचा आनंद संपला. आईला वाटत होतं, की मुलगी जिंकते आहे. आईला सकाळीही वाटलं होतं, की पुतणी रात्रभर झोपली. आई ताईच्या शब्दावर विश्वास टाकून तिथं उभी होती. ताईनं मागे वळून पाहिलं. सर नेहमी सांगायचे, पळताना मागे बघणारा हरतो. लंबू धावपट्टी सोडून गवतात शिरली होती आणि हात पुढे करून चाचपडत चालली होती.

ताई थांबली. मग मैदान आडवं तुडवत ती मागे पळाली, साडेबारा फेऱ्यांत कधी पळाली नव्हती इतकी. लंबू खाली पडायच्या आधी ती तिच्यापर्यंत पोचली एवढीच तिची पुण्याई. "बाई," असं ती ओरडली, आणि ओरडताना तिचा आवाज फाटला. लंबूचं अंग घामानं थबथबलं होतं आणि इतकं तापलं होतं, की ताईच्या दंडाला ते सहन होईना.

पुढचं सगळं भराभर झालं. सर आणि दोन मुलींनी मिळून लंबूला उचललं, बाईंनी मुलींना आडोशाला चादर धरायला लावून ताप मोजला आणि तिला कपड्यांसकट टबात बसवलं. गळ्यापर्यंत बर्फाचं पाणी. लंबू हातपाय झाडत होती, आईला हाका मारत होती. सरांनी गाडी बोलावली होती, त्यांचं म्हणणं, की आत्ता उचलून दवाखान्यात नेऊ. बाई ढिम्म हलल्या नाहीत. "आधी गार, मग गाडी," त्या म्हणाल्या. "वाटेत जेवढा वेळ जाईल तेवढा वेळ हिचा मेंदू शिजेल. ताप उतरल्याशिवाय मी हिला हलवू देणार नाही." एरवी दुसऱ्याचं ऐकून न घेणारे सर गुडघे टेकून बसले आणि बालदीनं बर्फ हलवू लागले.

ताईची आई धावत आली. पिशवी वाटेतच कुठेतरी पडली होती. पोर गारठून मरेल, बाहेर काढा तिला, असं ती विनवत होती. बाईंनी एका हातानं लंबूची मान धरून ठेवली होती. त्यांनी विचारलं, "कालपासून हिला काही होत होतं का? ताप, उलटी? आत्ता कळलं तर दवाखान्यात उपयोग होईल."

"नाही हो," आई म्हणाली. "मी सकाळीच विचारलं. ही म्हणाली, नीट झोपली."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"संध्याकाळपासून पोट बिघडलं होतं," ताई म्हणाली. "सकाळी उलटी झाली. केळं खाल्लं नाही, खिशात ठेवलं. मला सगळं माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?" आईनं विचारलं.

शपथेचं उत्तर तयार होतं. लंबूनं शपथ घातली होती, हे खोटं नव्हतंच. ते बोललं असतं तर निम्मा दोष टबातल्या मुलीकडे गेला असता आणि आईनंही तेवढ्यावर भागवलं असतं.

"ती हरावी म्हणून," ताई म्हणाली.

 आई टबाशी बसली आणि पाण्यात हात घालून तिनं लंबूचा हात धरला. ताईला वाटलं होतं, की थोबाडीत बसेल. बसली असती तर सुटल्यासारखं झालं असतं.

हळूहळू लंबूचं हातपाय झाडणं थांबलं. ती थरथरायला लागली आणि तिनं डोळे उघडून विचारलं, की मी कितवी आले. तेव्हा सरांना आठवलं, की शर्यत चालू होती. बाकीच्या मुली कधीच थांबल्या होत्या. मैदानावर मुंगी एकटी खाली मान घालून पळत होती. तिला थांब म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं आणि स्वतःहून थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं शेवटची फेरी संपवली, वेळ घ्यायला कुणी नाही हे पाहिलं, आणि तीही टबाजवळ येऊन उभी राहिली. शाळेकडून नाव तिचंच गेलं.

लंबू दोन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं, जागेवरच गार केलं म्हणून वाचली, नाहीतर कठीण होतं. ती घरी आली, तिला खिडकीजवळ झोपवलं. दिवसामागून दिवस गेले तरी ताईला कुणी रागावलं नाही. वडिलांनी एकदा तोंड उघडलं होतं, आईनं डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. फक्त एकदा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, आई ताईकडे न बघता म्हणाली, "तू म्हणालीस झोपली, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही गं." एवढंच बोलून ती पुढचा कपडा उचलू लागली. ताईला वाटलं, यापेक्षा शेजारपाजार गोळा करून शिव्या घातल्या असत्या तर बरं.

त्यानंतर ताई बदलली. लंबूचं ताट आता तीच उचलायची, लंबूचे बूट पुसायची, आणि जेवताना आईची पाठ वळली की स्वतःच्या ताटातलं निम्मं लंबूच्या ताटात सरकवायची. तुला ताकद भरून काढायची आहे, असं म्हणायची. तिच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे ती म्हणायची नाही. आणि एवढं सगळं करून मनातलं ते काही गेलं नव्हतं. पाहुणे लंबूला बघायला यायचे, काय धीराची पोर, म्हणायचे, तेव्हा ताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्याच. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते उगाच नाही.

महिना-दीड महिन्यानं डॉक्टरांनी परवानगी दिली आणि लंबू पुन्हा पिवळं जाकीट घालून मैदानावर आली. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, की जोडीदार बदलून देऊ का? मुंगी चालेल, शहाणी मुलगी आहे. लंबू नको म्हणाली. का, तर म्हणे, "मुंगी पळताना खाली बघते. ताई माझ्याकडे बघते."

हिरव्या झेंड्याचा दिवस होता. मुली रेषेवर आल्या.

"जोडीदार कशी आहे?" बाईंनी ताईला विचारलं.

ताईनं या वेळी लंबूच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि सुरू झाली. झोप झाली, मधे एकदा पाणी प्यायला उठली. पोट साफ. दूध प्यायली, दोन केळी खाल्ली, साली मी पाहिल्या. उजव्या मोज्याला भोक आहे, फोड येईल, दुसरे मोजे मी पिशवीत आणलेत. मागच्या मुली हसायला लागल्या. बाई मात्र सगळं ऐकून घेत होत्या.

मग त्या लंबूकडे वळल्या. "आणि तुझी?"

लंबूनं ताईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरी नाही," ती म्हणाली.

ताईनं डोळे मोठे केले. लंबूनं नजर हटवली नाही.

"नीट जेवत नाही ती. काकूला वाटतं जेवते, पण अर्धं ताट माझ्या ताटात टाकते. मी परत टाकलं तर उठून जाते. काल जिना चढताना तिला चक्कर आली, कठडा धरून उभी राहिली होती. मला म्हणाली सांगू नकोस, शपथ आहे." लंबू बाईंकडे वळली. "आज तिला पळू देऊ नका, बाई."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं करून हे फळ. ती दबक्या आवाजात म्हणाली, "चुगलखोर."

"हो," लंबू म्हणाली.

बाईंनी ताईची नाडी पाहिली, डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली आणि शेडखालच्या बाकाकडे बोट दाखवलं. नियमाप्रमाणे घरी फोन गेला. ताई बाकावर जाऊन बसली आणि कुणी बघत नाही असं पाहून जोरजोरात रडली. रागानं रडत होती की कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आई आली ती डबा घेऊन. शनिवार नव्हता, आई घरातल्याच चपला घालून तशीच निघाली होती. ती ताईशेजारी बसली, डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "खा. मी बघतेय."

ताईनं घास घेतला. समोर मैदानावर मुली पळायला लागल्या होत्या. लंबू वळणावरून आली, पिवळं जाकीट घालून, लांब लांब ढांगा टाकत, आणि इतकी सुरेख पळत होती, की ताईच्या पोटात पूर्वीसारखंच दुखलं. दुसऱ्या फेरीला ती पुन्हा आली. तिसऱ्याला पुन्हा. ताईची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"तिचा डावा खांदा पडतोय," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "बाईंना सांग, आता बास म्हणावं."

आईनं हात वर करून बाईंना खूण केली. पण मैदानाकडे तिनं मान वळवली नाही. ती ताईच्या तोंडाकडे बघत होती.

"सांगितलं," आई म्हणाली. "आता हा घास गिळ बघू आधी."